गावोगाव हिंडलेली डाळमिल

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता दरोडा कोणत्या ठाण्यातला, हे सांगताना बायको मला दुरुस्त करते. डाळमिलचं हे प्रकरण मात्र अथपासून इतिपर्यंत आठवतं. आठवलं की आधी हसू येतं आणि मग छाती जरा पुढे येते. निवृत्त माणसाला एवढी मुभा असावी.

तेव्हा मी लातूरला आर्थिक गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. या शाखेत कोणी हौसेने बदली मागत नाही. इथे पाठलाग नाही, नाकाबंदी नाही, वर्तमानपत्रात फोटो नाही. कागदांचे गठ्ठे आणि गार झालेला चहा, एवढीच कमाई. माझ्या हाताखाली एक हवालदार होते, सगळे त्यांना जमादार म्हणायचे. ते म्हणायचे, "साहेब, हितला चोर पळतच न्हाई. खुर्चीवर बसून चहा पाजतोय आपल्याला." पुढे तसंच झालं. या लेखात मी कोणाचंच नाव लिहिणार नाही. ज्यांना शिक्षा झाली ते ती भोगून आपापल्या घरी आहेत आणि त्यांची मुलंबाळं याच भागात नांदतात.

प्रकरण आलं ते एका बँकेच्या फिर्यादीने. लहान कारखानदारांना तारण न घेता कर्ज मिळावं म्हणून सरकार हमी देतं. घर-जमीन गहाण टाकायची ऐपत नसलेल्या माणसालाही मशीन घेता यावी, हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. गोंधळ होतो तो 'हमी' या शब्दाच्या समजुतीत. ही हमी बँकेसाठी असते. कर्जदार बुडाला तर बँकेचं नुकसान काही अंशी भरून निघतं, पण कर्जदाराची सुटका होत नाही. बँक त्याच्या मागे लागते ती लागतेच. आमच्याकडे मात्र पारावर बसून लोक सांगत होते, "सरकार भरतंय, तू फकस्त सही कर." असं कोण सांगत फिरत होतं, ते पुढे कळलंच.

फिर्यादीत म्हटलं होतं की निलंगा, देगलूर, उमरी अशा ठिकाणच्या कर्जदारांनी छोट्या डाळमिलसाठी कर्ज उचललं, मशीन पुरवणाऱ्या एका फर्मला पैसे गेले, आणि हप्ते थकल्यावर बँकेचे लोक पाहायला गेले तर एकाही शेडमध्ये मशीन नाही. कर्ज देताना मात्र प्रत्येक शेडमध्ये मशीन होती. तपासणीला गेलेल्या त्या त्या शाखेच्या व्यवस्थापकांनी तिच्यासोबत फोटो काढले होते. म्हणजे मशीन घेतल्या, विकून खाल्ल्या आणि बँकेला टोपी घातली, असा सरळ आरोप. सगळे कर्जदार आरोपी, आणि आरोपी क्रमांक एक होत्या निलंगा तालुक्यातल्या एक बाई.

गुन्हा दाखल झाल्यावर आठवड्याभरातच त्या बाई आपणहून शाखेत आल्या. वय चाळिशीचं, अंगावर इस्त्रीची सुती साडी, चेहऱ्यावर झोप नसल्याच्या खुणा. गावातल्या बायकांना सोबत घेऊन त्या तुरीची डाळ करून आठवडी बाजारात विकायच्या. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही इथे तेच म्हणतो. बसा म्हटलं तरी त्या बसल्या नाहीत.

"साहेब, अटक करायची तर हितंच करा," त्या म्हणाल्या. "गावात गाडी घिऊन येऊ नका. माझ्या भरवशावर बायांनी पदरचं घालून शेड उभं केलंय. त्यांच्यासमोर मला चोर म्हनून न्हेलं, तर उद्या गावातली एक बाई दुसरीवर इस्वास ठिवनार न्हाई."

"मशीन कुठे आहे?"

"मलाबी तेच इचारायचंय. सांजच्याला आली. बँकेचे साहेब आले, फोटू काढला, गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच तीच मानसं परत आली. म्हनली, फिटिंगमधी खोट हाय, कंपनीत न्हिऊन आनतो. ती गेली ती गेलीच."

"मग तक्रार का नाही केली?"

"केली की. कर्जाचे कागद करून देनाऱ्या सल्लागाराकडं खेटे घातले. त्यो म्हनायचा, येतीय, येतीय. हप्त्याची काळजी करू नका, सरकारची हमी हाय."

हे सगळं ऐकताना माझा चेहरा दगडी होता आणि तो तसाच ठेवणं भाग होतं. कारण त्याच आठवड्यात दुसऱ्या कर्जदारांचे जबाब मी घेतले होते. त्यातल्या काहींनी थोड्या पैशांसाठी आपली सही सरळ विकली होती. शेड दाखवायला दिलं, फोटोला उभे राहिले, पाकीट खिशात घातलं आणि पोलीस आल्यावर "मशीन फिटिंगला नेली" हीच गोष्ट सांगितली. रडलेसुद्धा. पोलिसाला रडण्याची सवय होते, आणि खरं रडणं कोणतं ते ओळखता येतं अशी फुशारकी मी तरी मारणार नाही. ताईंचा शब्द मला पटत होता. पण न्यायालयात माझं पटणं चालत नाही, पुरावा लागतो.

ताईंच्या वकिलांनी अटकपूर्व जामिनाचा अर्ज केला. सुनावणी दसऱ्याच्या सुट्टीनंतर लागली. तोवर त्यांना अटक करू नये असा तात्पुरता आदेश मिळाला. पण सरकारी वकिलांनी मला स्पष्ट सांगितलं, "तुमच्याकडे वेगळं काही नसेल तर मला विरोध करावा लागेल. या बाई पहिल्या क्रमांकावर आहेत." म्हणजे दसरा झाला की ताईंचा निकाल, आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

खबर मिळाली ती एका भांडणामुळे. देगलूरचे एक टेम्पोमालक सकाळी सकाळी शाखेत येऊन जमादारांसमोर ओरडायला लागले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मालवाहतुकीत आहे, आजोबांचे बैलगाडे होते. वयाने मोठे, डोक्यावर जाळीची टोपी आणि राग नाकावर. मशीन वाहून नेल्याचं भाडं फर्मने बुडवलं होतं आणि त्याची तक्रार द्यायला ते आले होते.

जमादार म्हणाले, "चाचा, भाड्याचं भांडन दिवानी असतंय. कोर्टात जावा."

"अरे, दिवानी कसलं? वर्षभर एकच मशीन हिकडून तिकडं फिरवून राहिलो म्या! आन पैशे मागितले तर वळखच द्यायना!"

मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. 'एकच मशीन' हे शब्द कानावर पडले आणि हातातला पेला खाली ठेवून मी बाहेर आलो. "चाचा, आत या. चहा घ्या. एकच मशीन म्हणजे?"

चाचांना आपण काय बोलून गेलो हे तेव्हा उमगलं. ते जरा घाबरले. भाड्यासाठी आलो आणि आपणच आत गेलो, असं त्यांना वाटलं असावं. मी समजावून सांगितल्यावर सावकाश बोलते झाले. निलंग्यातून उचलायची, एका शेतावर न्यायची, तिथे रंग द्यायचा, तिथून देगलूरला टाकायची, पुन्हा उचलायची, पुन्हा रंग, मग उमरी. "रंग वाळूबी देत नव्हते साब. माझ्या गाडीचा हौदा बघा, होळी खेळल्यावानी झालाय."

आम्ही अंगणात जाऊन टेम्पो पाहिला. हौद्याच्या फळ्यांवर निळे, पिवळे, तांबडे पट्टे उमटलेले. जमादारांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी जमादारांकडे. मशीन विकून खाल्ल्याच नव्हत्या. मुळात मशीन होती एकच, आणि ती नवरीसारखी दर वेळी नवी साडी नेसून नव्या गावी उभी राहत होती.

ते शेत कोणाचं, हे विचारल्यावर चाचा म्हणाले, "ते न्हाई ठाव. म्या रस्त्यावर उतरवायचो. पुढं त्यांचा ट्रॅक्टर यायचा. उमरीकडं हाय, एवढंच म्हाईत."

आता सल्लागाराकडे वळतो. लातुरात त्याचं नवं दुमजली घर आणि काचेच्या दाराचं कार्यालय होतं. कर्जप्रकरणं करून देणं हा त्याचा धंदा. बोलणं लोण्यासारखं, शर्ट पांढरा, तोंडात नियमांची कलमं. आम्ही गेलो तेव्हा तो कार्यालय उघडत होता. आधी उदबत्ती लावली, मग झेरॉक्स मशीनला हात लावून तो हात कपाळाला नेला, मग संगणकाला, मग खुर्चीला. तेवढं सगळं होईपर्यंत पोलीस निरीक्षक दारात उभा. "लक्ष्मी आहे साहेब," तो हसून म्हणाला, "तिचा मान आधी, मग तुमचा."

दोन तास मी त्याला विचारत राहिलो. त्याचं उत्तर ठरलेलं, "मी फक्त मार्गदर्शन करतो. मशीन देणारी फर्म वेगळी, कर्ज देणारी बँक वेगळी, घेणारा वेगळा." फर्म तुझ्या मेहुण्याची आहे ना, म्हटलं तर म्हणाला, "नात्यात धंदा करू नये असा कायदा आहे का साहेब?" अशा माणसाची मला फार चीड येते. शिवीगाळ करणारा गुन्हेगार परवडला. तो निदान घाम गाळतो.

मेहुणा उमरी भागातला शेतकरी. त्याला शाखेत बोलावलं. तो घाम गाळणाऱ्यांपैकी होता. तळहात पँटीला पुसत बसला. टेम्पो, रंग, ट्रॅक्टर असं एकेक समोर ठेवल्यावर तो डळमळला. आता पडतो, असं वाटत असतानाच त्याने पढवलेलं वाक्य बाहेर काढलं.

"साहेब, मशीन व्हती, खरं हाय. पर ती खराब निघाली. भंगारात घातली. कापून इकली."

"कोणत्या भंगारवाल्याला?"

"फिरता व्हता. नाव म्हाईत न्हाई."

इथे आमची गाडी रुतली. मशीन नसेल तर चाचांचा जबाब म्हणजे भाडं बुडालेल्या माणसाचा राग, आणि हौद्यावरचे रंग म्हणजे हौद्यावरचे रंग. वेगवेगळ्या फोटोंत वेगवेगळ्या रंगांच्या मशीन दिसत होत्या. त्या सगळ्या म्हणजे एकच मशीन हे सिद्ध करायला तीच हातात हवी होती. मेहुण्याचं शेत आम्ही उमरीच्या पोलिसांच्या मदतीने लांबून पाहून घेतलं. घराजवळ एक पत्र्याचं शेड होतं, पण ते रिकामं होतं. दसरा जवळ आला. निलंग्याहून ताईंचा रोज फोन यायचा. त्या काही विचारायच्या नाहीत, फक्त "काय न्हाई साहेब, सहज केला," म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. त्या 'सहज'चा मला ताप झाला होता.

खंडेनवमी उजाडली. आमच्याकडे या दिवशी हत्यारांची आणि अवजारांची पूजा असते. नांगरापासून शिलाई मशीनपर्यंत ज्याच्यावर पोट चालतं ते धुऊन, झेंडू वाहून, नारळ फोडून त्या दिवशी विसावा द्यायचा. पोलीस मुख्यालयातही शस्त्रागारापुढे रांगोळी होती, रायफली ओळीने मांडलेल्या होत्या, गाड्यांच्या बोनेटवर हार होते. मी पूजा आटोपून बाहेर आलो तर जमादार हातात उरलेला हार घेऊन मागच्या अंगणात चाललेले. तिथे आमची जुनी जीप सडत पडली होती. सरकारी वहीतून निर्लेखित झालेली, चाकंही काढून नेलेली. जमादारांनी तिच्या तुटक्या दिव्यावर हार चढवला आणि कुंकवाचं बोट लावलं.

मी गमतीने म्हटलं, "अहो, ती भंगारात निघाली."

"निघू द्या साहेब. आयुष्यभर भाकर हिच्यावर खाल्ली. आजच्या दिशी हिला तसंच ठिवलं तर जेवन गोड लागंल का?"

मी तिथेच थांबलो. माझ्या डोळ्यांपुढे झेरॉक्स मशीनला हात लावून कपाळाला नेणारा तो सल्लागार आला. रिकाम्या खुर्चीला नमस्कार करणारा माणूस ज्या मशीनने त्याला दुमजली घर दिलं ती कापून भंगारात घालेल? त्याचा हात धजेल? आणि घातली नसेल, तर आज, खंडेनवमीला, तो तिला बिनपूजेची ठेवेल? मराठवाड्यात जन्मलेला माणूस एक वेळ पोलिसाला भिणार नाही, पण या दिवशी अवजाराला नारळ न फोडायला भितो.

"जमादार, गाडी काढा. साध्या कपड्यात चला."

"कुठं साहेब?"

"पूजेला."

झडतीची कारणं लिहून काढली, स्टेशन डायरीला नोंद केली, उमरीच्या पोलिसांना फोन केला आणि जाताना कृषी कार्यालयातले दोन कर्मचारी पंच म्हणून गाडीत घेतले. सणाच्या दिवशी ओढून नेतोय म्हणून ते कुरकुरत होते. रस्त्याने जिकडे पाहावं तिकडे गॅरेज बंद, लेथ बंद, पिठाच्या गिरण्या बंद, आणि सगळ्यांच्या गळ्यात झेंडू. अंदाज चुकला तर सणाच्या दिवशी एका शेतकऱ्याच्या घरात घुसलेला अधिकारी म्हणून माझी चांगलीच शोभा होणार होती.

मेहुण्याच्या घराजवळ गाडी लांब उभी केली आणि पायी निघालो. पत्र्याच्या शेडला त्या दिवशी आंब्याच्या पानांचं तोरण होतं. दारापुढे रांगोळी. आतून उदबत्तीचा वास येत होता. कडब्याच्या गंजीची एक बाजू मोकळी केलेली दिसत होती. मशीन इतके दिवस तिच्या पोटात होती, आणि पूजेसाठी तेवढी बाहेर काढून शेडमध्ये आणली होती.

आम्ही दारात गेलो. आत तांबड्या रंगाची डाळमिल, अंगभर झेंडूच्या माळा, समोर पाट, पाटावर विडा. सल्लागार नव्या टोपीत हात जोडून उभा. मेहुणा नारळ फोडत होता. मेहुण्याची आई, म्हणजे सल्लागाराच्या सासूबाई, ताट घेऊन ओवाळत होत्या. आम्हाला पाहून सल्लागाराचे जोडलेले हात सुटले. म्हातारीला आम्ही कोण ते ठाऊक नव्हतं. सणाला पाहुणे आले, एवढंच त्यांनी ओळखलं.

"या, या, परसाद घ्या," त्या म्हणाल्या. "आमच्या जावईबापूंनी आनली ही मशीन, माझ्या लेकानं गावोगाव फिरिवली. हिनंच आमाला चांगले दिस दावले बघा."

पंचांपैकी एकाला ठसका लागला. मी पुढे होऊन सल्लागाराला विचारलं, "ही मशीन कोणाची?"

"मेहुण्याची," तो म्हणाला.

मेहुणा हातातल्या नारळासकट ताडकन वळला. "न्हाई साहेब! दाजींची हाय! समदं दाजींचं हाय!"

"आरं, भांडू नका सनाच्या दिशी," म्हातारी म्हणाल्या. "दोघांचीबी हाय म्हना की."

प्रसाद नाकारू नये म्हणून मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, ओळखपत्र दाखवलं आणि पंचनामा सुरू केला. जमादारांनी खिशातलं नाणं काढून मशीनच्या एका कोपऱ्यावर घासलं. तांबड्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली निळा, निळ्याखाली कारखान्याचा मूळ हिरवा. फोटोंमधले सगळे रंग, एकाखाली एक. सल्लागार खाली मान घालून पाटावरच बसला. पोलीस कोठडीत मी त्याला विचारलं की तोडून का नाही टाकलीस. तो म्हणाला, "गॅस कटरवाला दोनदा बोलावला होता साहेब. दोन्ही वेळा परत पाठवला. लक्ष्मीवर हत्यार कसं चालवू?" त्या वेळी मला त्याची जराशी कीव आली, खोटं कशाला बोलू. ताईंचा चेहरा आठवला आणि ती ओसरली.

टोळी सापडली होती, पण ताई अजून आरोपीच होत्या. सल्लागार म्हणत होता की कर्जदार सगळे सामील, ताईसुद्धा. मेहुणाही तेच म्हणत होता, कारण बुडताना जितके सोबत तितकं बरं वाटतं.

मुख्यालयात आणून मशीनचे रंग प्रयोगशाळेच्या तज्ज्ञांनी पंचांसमोर एकेक करून सोडवले. मी बाजूला उभा होतो. तांबडा गेला. पिवळा बाकी सगळीकडे चिवट धरून बसलेला, पण खालच्या अंगाला एका ठिकाणी तो पापुद्र्यासारखा अलगद सुटून आला. खाली निळ्या रंगावर तांबूस ओढी होत्या. बोटांच्या. वरून खाली ओढलेली पाच बोटं, कोणाच्या तरी हाताची. तज्ज्ञ म्हणाले, "इथे तेल होतं. तेलावर रंग धरत नाही."

निळा रंग ताईंच्या शेडमधल्या फोटोतला. पण त्या फोटोत मशीनवर कसलीच खूण नव्हती. मी कोणालाच काही बोलू दिलं नाही. खोली बंद केली आणि ताईंना निरोप धाडला. त्या आल्यावर मशीन न दाखवता, दुसऱ्या खोलीत, महिला कर्मचारी आणि पंचांसमोर मी एकच प्रश्न विचारला, "बँकेचे साहेब फोटो काढून गेल्यावर रात्रभर मशीन तुमच्याकडे होती. तुम्ही तिचं काय केलं?"

"काय करनार साहेब? समद्या बाया जमलो. नारळ फोडला, गूळ वाटला."

"आणखी?"

त्या जरा लाजल्या. "कुंकवाची पाच बोटं वढली. पाण्यातलं कुंकू वाळलं की झडून जातंय, म्हनून गोड्या तेलात कालवलं. म्हनलं, आपली मशीन हाय, खूण टिकावी."

"कुठे ओढली?"

"खालच्या अंगाला, जिथनं डाळ पडती तिथं."

जमादार पाठ करून उभे राहिले आणि उगाच खिडकीची कडी तपासू लागले. सही विकलेल्या बाकीच्यांपैकी एकानेही त्या मशीनला कुंकू लावलं नव्हतं. कशाला लावतील? ती त्यांची नव्हती आणि होणारही नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. एका रात्रीसाठी आलेल्या मशीनला जन्माची समजून हात लावणारी बाई एकच होती. नंतर मेहुण्याला विचारलं की निदान पुसून तरी रंगवायचं. तो चिडून म्हणाला, "पुसायला येळ कुठं व्हता साहेब? दाजी मागं उभे राहून घाई करून राहिले व्हते."

सुनावणीच्या दिवशी मी लेखी म्हणणं दिलं, सोबत पंचनामा आणि प्रयोगशाळेचा अहवाल. सरकारी वकील उठले आणि म्हणाले, "आमचा विरोध नाही. तपास यंत्रणेच्या मते अर्जदार आरोपी नसून फसवल्या गेलेल्या आहेत." पुढे ताईंचं नाव आरोपींतून वगळलं गेलं आणि त्या सरकार पक्षाच्या पहिल्या साक्षीदार झाल्या. त्यांच्या साक्षीच्या दिवशी उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी विचारलं की पाच बोटं तुमचीच कशावरून. ताईंनी पंजा वर करून दाखवला. मशीन येण्याआधीच, डाळ भरडताना त्यांचं एक बोट अर्धं गेलेलं होतं, आणि मशीनवरची एक ओढ आखूड होती. सल्लागार आणि मेहुणा दोघांना शिक्षा झाली, त्यांच्या मालमत्तेवर टाच आली. बँकेने लेखी संमती दिली आणि न्यायालयाने ती मशीन ताईंच्या ताब्यात द्यायचा हुकूम केला. त्यांचं कर्ज नव्याने बांधून दिलं गेलं, तीच सरकारी हमी ठेवून.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर मी सांगतो की गुन्हेगाराला त्याच्या खोटेपणात शोधू नका. खोटं तो फार सांभाळून बोलतो. जिथे तो मनापासून खरा असतो, त्याची भक्ती, त्याचं प्रेम, त्याची भीती, तिथे तो बेसावध असतो. आणि प्रामाणिक माणूसही तिथेच सापडतो. तरुण अधिकाऱ्यांना मी हे सांगतो तेव्हा ते नम्रपणे मान हलवतात आणि मोबाइलकडे बघतात. असो.

निवृत्तीनंतर एकदा निलंग्याकडे लग्नाला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून ताईंच्या शेडवर गेलो. मशीन चालू होती. तुरीच्या भुशाने सगळ्या बायकांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. हप्ते वेळेवर जातात, आता दुसरी मशीन घ्यायचा विचार आहे, असं ताई आवाजाच्या वर आवाज काढून सांगत होत्या. मग त्यांनी मशीन बंद करायला लावली आणि मला जवळ बोलावलं. खाली काँक्रीटचा चांगला जाड ओटा होता आणि त्यात मनगटाएवढे बोल्ट गाडलेले.

"बँकेचं कुनीबी तपासाला आलं की मी त्यास्नी एकच काम सांगते," त्या म्हणाल्या. "तुमीबी करा साहेब. धक्का द्या."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"द्या की. जोर लावून द्या."

मी चपला काढल्या, दोन्ही हात मशीनला टेकवले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. बायका भोवती उभ्या राहून बघत होत्या. मशीन जागची तसूभरही हलली नाही.